तुपाची वाटी

नामदेवमहाराजांची एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. महाराज जेवायला बसण्याच्या तयारीत होते. भाकरी भाजून ठेवलेल्या होत्या. तेवढ्यात कोठून तरी एक कुत्रा आला आणि भाकरी तोंडात धरून पळत सुटला. दुसरा कोणी असता तर हाताला लागेल ते लाकूड घेऊन त्याच्या पाठीमागे धावला असता. महाराजही धावले, पण त्यांच्या हातात होती तुपाची वाटी! कुत्र्याने भाकरी नेली याचे त्यांना दुःख नव्हते. तो ती कोरडीच खाणार, याचे होते.

सर्वांभूती एकच देव पाहावा, असे या कथेचे तात्पर्य कीर्तनकार सांगतात, आणि ते खरेच आहे. परंतु तिच्यात आणखीही एक बारकावा दडलेला आहे. कुत्र्याला अन्न मिळाले की नाही, एवढ्यावर महाराजांचे समाधान झाले नाही. ते अन्न कसे मिळाले, याचीही त्यांनी चिंता केली. आपण सामान्य माणसे मात्र पहिल्या प्रश्नापाशीच थांबतो. रात्रीची जेवणे आटोपली, उरलासुरला भात आणि भाकरीचे दोन तुकडे परसात टाकले, कुत्र्याने शेपूट हलवीत ते फस्त केले, की आपले कर्तव्य संपले. त्याचे पोट भरले. पण त्याचे पोषण झाले काय?

पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे, हा आज शाळेतल्या मुलालाही पाठ असलेला धडा माणसाला शिकायला शंभरावर वर्षे लागली. आणि तो त्याला शिकवला कोणी म्हणाल, तर पुष्कळ अंशी कुत्र्यानेच. आपल्या घरातल्या कुत्र्याच्या थाळीत काय पडते, इकडे लक्ष का द्यावे, याचे उत्तर या इतिहासात आहे.

कुत्रा हा मुळात लांडग्याच्या कुळातला. निदान चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी तो माणसाच्या शेकोटीजवळ आला आणि तेथेच राहिला. पुढे माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, आणि त्याच्याबरोबर कुत्र्याच्याही वाट्याला धान्य आले. या सहवासाची खूण त्याच्या शरीरात उमटली आहे. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी लांडग्याची आणि कुत्र्याची आनुवंशिक घडण ताडून पाहिली, तेव्हा पिष्ट पदार्थ पचविणाऱ्या पाचक रसाचे जनुक लांडग्यात दोनच प्रती असलेले, तर बहुतेक कुत्र्यांत त्याच्या कितीतरी जास्त प्रती झालेल्या, असे आढळले. म्हणजे आपली भाकरी कुत्र्याला सोसते ती काही योगायोगाने नव्हे. हजारो वर्षे आपल्या दाराशी बसून त्याने ती पचवायची कला मिळविली आहे. कुत्रा म्हणजे घरात आणलेला लांडगा, त्याला मांसाखेरीज काही चालत नाही, असे जे कोणी म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण भाकरी पचते याचा अर्थ एकट्या भाकरीवर भागते, असा मात्र नव्हे.

ही गोष्ट प्रयोगाने पाहण्याचे श्रेय, किंवा दोष म्हणा हवे तर, पॅरिसच्या फ्रांस्वा माझांदी या शरीरशास्त्रज्ञाकडे जातो. १८१६ साली त्याने तीन वर्षांचा एक धष्टपुष्ट कुत्रा घेतला आणि त्याला शुद्ध साखर व ऊर्ध्वपातित पाणी, एवढ्यावरच ठेवले. साखरेची ददात नव्हती; हवी तेवढी खावी. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात कुत्रा वाळू लागला. तिसऱ्यात त्याची भूक गेली, शक्ती गेली, डोळ्यांच्या बुबुळांवर व्रण पडले. बत्तिसाव्या दिवशी तो मेला. भरल्या थाळीसमोर तो उपासमारीने मेला! माझांदीने ऑलिव्हचे तेल, डिंक, लोणी असे पदार्थ एकेकटे देऊन पाहिले, परिणाम तोच. या सर्व पदार्थांत नायट्रोजन, म्हणजे नत्र नाही, आणि नत्रयुक्त अन्नावाचून प्राणी जगत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे ज्यांना प्रथिने हे नाव मिळाले, त्यांच्या महत्त्वाची ही पहिली चाहूल होती. हा नत्र वाचकांनी स्मरणात ठेवावा; तो या कथेत पुन्हा येणार आहे, आणि फार वाईट वेषात येणार आहे.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये गोरगरिबांसाठी एक युक्ती निघाली होती. खाटकाकडची टाकाऊ हाडे उकळून त्यांतून जिलेटिन काढायचे आणि त्याचे सूप इस्पितळांतून व अन्नछत्रांतून वाटायचे. जिलेटिनमध्ये नत्र भरपूर. मग मांसाऐवजी हे चालायला हरकत काय? हिशेब कागदावर नामी होता. पण सूप पिणारे लोक कुरकुर करू लागले, तेव्हा फ्रेंच अकादमीने चौकशी-समिती नेमली. माझांदी तिचा प्रमुख होता. वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १८४१ साली अहवाल बाहेर पडला: एकट्या जिलेटिनवर कुत्रे जगत नाहीत. नुसते नत्र असून भागत नाही, ते कोणत्या रूपात आहे हेही पाहावे लागते. ट्रिप्टोफान नावाचा प्रथिनांतला एक अत्यावश्यक घटक जिलेटिनमध्ये मुळीच नसतो, हे कळायला पुढचे शतक उजाडावे लागले. परंतु कुत्र्याच्या आतड्याला ते १८४१ सालीच कळले होते.

आता थोडे बाजारात डोकावू. त्या काळी इंग्लंडात शिकारी कुत्र्यांना ओटच्या पिठाची लापशी आणि घोड्याचे मांस मिळे, आणि लंडनच्या रस्त्यांतून घोड्याच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून विकणारे फेरीवाले हिंडत. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ लंडनला आला. धंदा विजेपासून घरांचे रक्षण करणाऱ्या दांड्या विकण्याचा. असे सांगतात की, गोदीवर खलाशांनी फेकलेली जहाजी बिस्किटे कुत्रे आवडीने चघळताना त्याने पाहिली आणि त्याच्या डोक्यात वीज चमकली. गव्हाचे पीठ, भाजीपाला, बीट आणि वाळविलेल्या मांसाचा अंश घालून त्याने कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. तयार श्वानखाद्याच्या आजच्या अफाट बाजाराचा पाया तो. त्याच्या पेढीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक हुषार पोरगा कामाला होता. त्याने १८९१ साली लंडनमध्ये सर्व जातींच्या कुत्र्यांचे आपल्या नावाचे पहिले प्रदर्शन भरविले. ते प्रदर्शन अजूनही चालू आहे. खाद्य विकणारे आणि कुत्र्यांची प्रदर्शने भरविणारे यांची सोयरीक अशी जुनी आहे.

स्प्रॅटच्या बिस्किटात काय असावे, हे स्प्रॅट ठरवी. कुत्र्याच्या शरीराला काय हवे, हे मात्र तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते.

ते कळू लागले पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत. विलायतेतील कारखान्यांच्या शहरांत त्या वेळी मुडदुसाने थैमान मांडले होते. पाय धनुष्यासारखे वाकलेली, छाती पुढे आलेली मुले गल्लीगल्लीतून दिसत. कोणी म्हणे कोंदट हवेचा परिणाम, कोणी म्हणे व्यायामाचा अभाव, कोणी म्हणे आनुवंशिक दोष. एडवर्ड मेलनबी या लंडनच्या संशोधकाने कुत्र्याची पिल्ले घेतली, त्यांना घरात ठेवले आणि गरिबांच्या पोरांना मिळे तसलेच अन्न दिले: पाव, ओटची लापशी, थोडेसे दूध. पिल्लांचे पाय वाकले. मग त्याने काही पिल्लांच्या अन्नात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले. ती पिल्ले नीट वाढली. १९१९ साली त्याने हे प्रसिद्ध केले, आणि तीनच वर्षांत अमेरिकेत मॅकॉलमने दाखवून दिले की, या तेलातला हाडांचा कैवारी हा 'अ' जीवनसत्त्वाहून निराळाच आहे. तेच 'ड' जीवनसत्त्व.

यात नियतीचा एक चमत्कार आहे. माणसाच्या कातडीत उन्हाच्या साहाय्याने 'ड' जीवनसत्त्व तयार होते. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे तयार होत नाही. कुत्र्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. ही गोष्ट मेलनबीला ठाऊक नव्हती. पण अन्नाचा दोष इतका स्पष्ट उमटावा, असा दुसरा प्राणी त्याला क्वचितच मिळाला असता. पिल्लाला उन्हात खेळू दिले की त्याची हाडे आपोआप बळकट होतील, असे मानणाऱ्या आजच्या घरांनी यातून बोध घ्यावा. तसेच 'मांस उत्तम' म्हणून पिल्लाला नुसते मांस घालणाऱ्यांनीही घ्यावा. मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम, अगदी थोडे. रक्ताला ते लागतेच. मग शरीर ते हाडांतून ओढून घेते, आणि आयते, महागाचे मांस खाऊन वाढलेल्या पिल्लाचे हाड काटकीसारखे मोडते.

याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा रोग माणसे खात होता. कातडी लाल होऊन सोलत जाई, जुलाब लागत, बुद्धिभ्रंश होई आणि शेवटी मरण. १९०६ पासून १९४० पर्यंत या रोगाने तेथे लाखभर माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. हा संसर्गजन्य रोग आहे, असेच बहुतेक डॉक्टर मानीत. सरकारी आरोग्यखात्यातील जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून ओरडून सांगत होता की, हा जंतूंचा रोग नाही. हा मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर कशीबशी गुजराण करणाऱ्या गरिबीचा रोग आहे.

त्याच प्रदेशात कुत्र्यांना एक रोग होई. जीभ काळी पडे, तोंडात व्रण होत, कुत्रा अन्न टाकी आणि मरे. लोक त्याला 'काळी जीभ' म्हणत. नॉर्थ कॅरोलिनातील एका पशुवैद्याने १९१६ च्या सुमारास म्हटले, अहो, हा तर कुत्र्यांचा पेलाग्राच! आणि तसे ते असणारच. कारण धन्याच्या ताटातला मक्याचा पावच कुत्र्याच्या थाळीत पडत होता. एकाच चुलीवरच्या अन्नाने दोघेही मरत होते.

गोल्डबर्गरने कुत्र्यांना हा रोग मुद्दाम जडवून पाहण्याचे ठरविले. पण तेच ते बेचव अन्न खायला कुत्रे तयार होईनात. त्यांना भूक लागावी म्हणून अन्नात थोडे यीस्ट, म्हणजे दारूच्या भट्टीतले किण्व, मिसळले. कुत्रे खाऊ लागले. पण रोग काही होईना! औषध शोधू जाता जे सापडले नव्हते, ते चटणी म्हणून घातलेल्या चिमटीत सापडले. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, तेव्हा पेलाग्रा रोखण्यासाठी पूरग्रस्तांना हेच स्वस्त यीस्ट वाटण्यात आले. यीस्टमधला गुणकारी अंश कोणता, हे पाहायला मात्र गोल्डबर्गर राहिला नाही; १९२९ साली तो वारला. विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्वेजेमने १९३७ साली काळ्या जिभेच्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल दिले आणि ते उठून बसले. हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटात एकोणिसाव्या शतकापासून पडून होता. त्याचा उपयोग कुत्र्याने सांगितला. आणि लवकरच इस्पितळांतले पेलाग्राचे रोगी बरे होऊन घरी जाऊ लागले.

येथे ही कथा आपल्या दख्खनच्या पठारावर येते. हैदराबादच्या आसमंतात ज्वारीवर राहणाऱ्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा दिसत होता. हे कोडेच होते. कारण मक्यात जी उणीव असते, ती ज्वारीत तशी नसते. हैदराबादच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मांडले की, ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन नावाचा घटक प्रमाणाबाहेर असतो, आणि तोच या रोगाच्या मुळाशी असावा. १९६५ साली याच प्रयोगशाळेत ज्वारीचे अन्न देऊन कुत्र्यांत काळी जीभ उत्पन्न करून दाखविण्यात आली. ल्युसिनचा हा सिद्धांत जगातील सर्वच शास्त्रज्ञांना पटला असे नाही. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाला. पण आपल्याला घेण्यासारखा धडा वादातीत आहे. ज्वारी वाईट नाही. तिच्याबरोबर वरण, दूध, पालेभाजी असली की तिच्यासारखे धान्य नाही. मजुराच्या ताटात तीच ती, सकाळ-संध्याकाळ, बारा महिने होती, हा खरा रोग. मग आपल्या दारचा कुत्रा वर्षानुवर्षे नुसत्या भाकरतुकड्यावर राहतो, त्याच्या झडलेल्या केसांचे आणि सुजलेल्या हिरड्यांचे नवल ते काय?

आतापर्यंत उणिवांची गोष्ट झाली. पण अन्नाची प्रत बिघडते ती केवळ काही कमी पडल्याने नव्हे. नको ते मिसळल्यानेही. विलायतेत व अमेरिकेत कित्येक वर्षे कुत्र्यांना एक चमत्कारिक विकार होत असे. चांगला बसलेला कुत्रा एकाएकी भेदरून उठे, किंचाळत सैरावैरा धावे आणि झटके येऊन कोसळे. १९४६ साली मेलनबीनेच याचे कारण दाखविले; तोवर तो सर एडवर्ड झाला होता, पण कुत्र्याची थाळी त्याने सोडली नव्हती. पीठ पांढरेशुभ्र दिसावे म्हणून गिरण्या त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा वायू सोडीत. त्या पिठाची बिस्किटे खाणारे कुत्रे वेडेपिसे होत. माणसांवर तसा परिणाम आढळला नव्हता. तरी पण, कुत्र्याला जे झटके आणते ते आपल्या मुलांच्या पावात कशाला, असा विचार लोकांनी केला. अमेरिकेने ही रीत १९४९ च्या सुमारास सोडली आणि इंग्लंडने १९५५ च्या सुमारास. कोणाच्याही आरोग्याला गरज नव्हती अशा शुभ्रतेपायी कुत्र्यांनी ते झटके सोसले होते.

आणि आता तो माझांदीचा नत्र. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डालने पदार्थातला नत्र मोजण्याची एक सुबक रीत शोधली. नत्र मोजावा, त्याला ६.२५ ने गुणावे, की प्रथिने किती ते कळले. डब्यावर प्रथिनांचे शेकडा प्रमाण छापतात ते पुष्कळदा याच हिशेबाने. पण नत्र म्हणजे प्रथिन नव्हे, हा १८४१ चा धडा व्यापार विसरला. लबाडी मात्र विसरली नाही. मेलामाइन हा प्लास्टिकच्या कामाचा पदार्थ. वजनाने त्याचा दोन-तृतीयांश भाग नत्रच. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये तो मिसळला, की कसोटीला प्रथिने भरघोस दिसतात.

२००७ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली. चीनमधून आलेल्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन आणि त्याचा भाऊबंद सायन्युरिक आम्ल मिसळलेले होते. दोन्ही एकत्र आली की मूत्रपिंडात त्यांचे खडे धरतात. घराघरांतले लाडके प्राणी लघवी बंद होऊन मेले. जगाला तेव्हाच जाग यायला हवी होती. पुढच्याच वर्षी, २००८ साली, चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत तेच मेलामाइन निघाले. जवळजवळ तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. कुत्र्याने एक वर्ष आधी दिलेला इशारा कोणी मनावर घेतला नाही.

मग आज घरात कुत्रा पाळणाऱ्याने करावे तरी काय? तयार खाद्य घ्यावे की घरचे करावे, याचे एकच उत्तर नाही. दोन्ही चांगली असू शकतात आणि दोन्ही वाईट. तयार खाद्य घेताना पिशवीवरच्या गोजिरवाण्या चित्रापेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत. ते पिल्लासाठी आहे की मोठ्यासाठी, एकट्यावर भागेल असे परिपूर्ण आहे की नुसता वरखाऊ, हे पाहावे. घरी शिजवायचे तर पशुवैद्याला विचारून प्रमाण ठरवावे. आपल्या ताटातले त्याला, हा नियम पुरत नाही. फॅशनलाही भुलू नये. मध्यंतरी धान्यविरहित खाद्याची टूम निघाली; २०१८ साली अमेरिकेच्या सरकारी खात्याने अशा काही खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी जाहीर केली. कार्यकारण सिद्ध झाले नाही. पण ज्याने हजारो वर्षे घालवून धान्य पचवायला शिकून घेतले, त्याच्या थाळीतून ते काढण्याची घाई कशाला, हा प्रश्न उरतोच.

आणि प्रत सांभाळताना परिमाणही सांभाळावे. अमेरिकेत लाब्राडोर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहण्यात आले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कमी खाणारे कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले, आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत.

दिवाळीच्या दिवसांत हे विशेष आठवावे. फराळाची ताटे मांडलेली असतात, आणि टेबलाखालून दोन डोळे आपल्याकडे आशेने पाहत असतात. मुलांचा हात सुटतो. पण चिवड्यातला तळलेला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लाडवातले बेदाणे त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पाहुण्यांनी आणलेले चॉकलेट त्याला विषासमान. तुपातल्या पक्वान्नांनी स्वादुपिंडाला सूज येऊन तो आजारी पडतो. म्हणजे ज्या तुपाच्या वाटीपासून आपण सुरुवात केली, तीच घेऊन आज लठ्ठ झालेल्या मोत्याच्या मागे धावू नये!

नामदेवांच्या काळचा तो कुत्रा भुकेलेला, भटका होता; त्याच्या कोरड्या भाकरीला तूपच हवे होते. आपल्या घरच्या कुत्र्याला काय हवे, ते शोधण्याचे कष्ट घेणे, हीच आपली वाटी. पॅरिसचा साखरेवर ठेवलेला कुत्रा, लंडनची वाकड्या पायांची पिल्ले, हैदराबादचे काळ्या जिभेचे कुत्रे यांना कोणी नावे ठेवली असतील तर ती आज आपल्याला ठाऊक नाहीत. आपली मुले सरळ पायांनी अंगणात धावतात, ते काही अंशी त्यांचे देणे आहे. ते त्यांना परत करता येत नाही. दारातल्या कुत्र्याची थाळी भरताना क्षणभर थांबून तीत काय आहे ते पाहणे, एवढे मात्र करता येते.